पोच घेतली का?

घरकुलाचा अर्ज भरायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं असतं तर मी बेधडक "अर्धा तास" म्हटलं असतं. आधार कार्ड, फोटो, सही, संपलं. मी डोंबिवलीत वाढले. वडील रेल्वेत, काका पोस्टात; फॉर्म भरणं हा आमच्या घरचा पिढीजात उद्योग. नवऱ्याला उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि आम्ही तलासरी नाक्याजवळ भाड्यानं राहायला आलो. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्र इथे संपतो.

पहिल्या पावसात एक आजी दारावर शेवळं विकायला आली. मी मोठ्या हौसेनं घेतली, कांद्यावर परतली आणि दोघांनी खाल्ली. रात्रभर घसा खाजत होता. दुसऱ्या दिवशी आजीनं विचारलं, "बाय, काकडं घातलीस ना?" काकडं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. तिनं कनवटीतून मूठभर हिरवी आंबट फळं काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ओळख झाली ती अशी.

आजीचं बिऱ्हाड चुलत पुतण्याच्या पडवीत होतं: आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. दरवर्षी दिवाळी झाली की हे कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर जगायला जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. जगायला जाणं म्हणजे कामासाठी गाव सोडणं, इथे सगळेच तसं म्हणतात. त्या वर्षी परतले तेव्हा त्यांचं कुडाचं घर बसलेलं होतं. कारवीच्या कुडाला वाळवी लागलेली, एक मेढ मोडलेली, कौलं जमिनीवर. सहा-सात महिने ज्या घरात चूल पेटत नाही, त्याला वाळवी धरणारच, असं आजी म्हणाली. मी म्हटलं, "घरकुल मिळतं की! मी भरते तुमचा अर्ज." आजीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ मला पुढे बऱ्याच दिवसांनी लागला.

पेन अडलं ते पहिल्याच रकान्यात. सध्याचा पत्ता? पुतण्याची पडवी लिहावी तर 'घर आहे' असं होतं. पडलेलं घर लिहावं तर तिथे राहत नाहीत. भट्टी लिहावी तर ती दुसऱ्या तालुक्यात, तीही अर्ध्या वर्षापुरती. "कुठे राहता म्हणून लिहू?" मी विचारलं. सून म्हणाली, "आता तं इथंच बसलोय ना." मी फॉर्मची घडी घातली आणि म्हटलं, ग्रामपंचायतीत विचारू.

ग्रामपंचायतीत माझं शिक्षण सुरू झालं. घरकुल मागून मिळत नाही, यादीतून मिळतं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण 2016 साली आली. तिच्या पहिल्या याद्या 2011 च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणावरून केल्या होत्या. ज्यांची नावं त्यातून सुटली त्यांच्यासाठी पुढे 'आवास प्लस'चं सर्वेक्षण झालं. गावात त्या यादीला सगळे 'ड यादी' म्हणतात. मला आधी वाटलं, अ, ब, क असे वर्ग असतील आणि ड म्हणजे सगळ्यात गरीब. ग्रामसेवकांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, तसं काही नसतं." आमच्या कुटुंबाचं नाव अ, ब, क, ड कशातच नव्हतं. दोन्ही वेळा माणसं भट्टीवर होती, असं आजीचं म्हणणं. निवारा नसलेल्या कुटुंबाला या योजनेत अग्रक्रम आहे, तसं नियमातच लिहिलंय. पण मोजणारा दाराशी येईल तेव्हा ते कुटुंब, आणि शक्यतो दारही, तिथे असायला हवं.

मग मी फोनवर शोधायला बसले आणि मोठा शोध लावून परत गेले. पीएम जनमन! नोव्हेंबर 2023 मध्ये आदिम जमातींसाठी सुरू झालेली योजना, घरासाठी थेट 2 लाख. मी ती वाचून दाखवू लागले. अर्ध्यात ग्रामसेवकांनी विचारलं, "हे लोक कातकरी आहेत का?" मी आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "आम्ही वारली." महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमाती त्यात बसतात, वारली बसत नाहीत. इतके महिने माझ्या दारात येणाऱ्या बाईची जमात मी कधी विचारलीच नव्हती. भिंतींवर पांढऱ्या रंगात नाचणारी चित्रं काढणारे ते वारली, एवढं मात्र मला माहीत होतं, कारण तसं चित्र आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये टांगलेलं आहे.

वाट निघाली ती शबरी आदिवासी घरकुल योजनेतून. ही राज्याची योजना. नाव यादीत नसलं तरी अनुसूचित जमातीच्या बेघर किंवा कच्च्या घरातल्या कुटुंबाला तीत मागणी करता येते. आमच्या भागासाठी आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय डहाणूला आहे. रक्कम तेव्हा सपाट भागात 1 लाख 20 हजार, घर कमीत कमी 269 चौरस फुटांचं. 269 हा आकडा कुठून आला, हे मला कळेना. नवऱ्यानं सांगितलं, 25 चौरस मीटरचे तेवढे फूट होतात. इंजिनिअरशी लग्न केल्याचा एवढा तरी उपयोग झाला.

आता कागद. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, आधारला जोडलेलं बँक खातं आणि सगळ्यात अवघड म्हणजे जागेचा उतारा. घर शक्यतो बाईच्या किंवा दोघांच्या नावावर घ्यावं, असं कळलं, म्हणून खातं सुनेचं उघडायचं ठरलं. बँकमित्राकडे गेलो. सुनेनं अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात. बँकमित्रानं तिला हात धुऊन यायला सांगितलं. ती धुऊन आली, पदराला पुसले, परत ठेवले, लालच. तेव्हा मी पहिल्यांदा तिची बोटं नीट पाहिली. वर्षानुवर्षं विटा थापून, रेती आणि चिखल हाताळून पेरांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. तिचं वय तेविसेक असावं. शेवटी आधार केंद्रात डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटली आणि खातं उघडलं. परत येताना ती म्हणाली, "डोळं तरी राहिलं." आणि हसली. मला हसावं की नाही, कळेना.

जागेचं प्रकरण मी सोपं समजत होते. घर जिथे होतं तिथेच बांधायचं, आजीचा जन्म त्या पाड्यावर गेला, मग प्रश्न काय? सातबारा काढला तर तो आजीच्या आजेसासऱ्याच्या नावावर. त्याखाली वारसांची रांग, काही वारलेले, काही लग्न होऊन गुजरातच्या हद्दीत गेलेल्या बहिणी. त्या सातबाऱ्यात आजीचा हिस्सा कुठला, हे गावाला ठाऊक होतं, कागदाला ठाऊक नव्हतं. पडलेल्या घराची ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नोंदही नव्हती. नमुना आठ हे घरांचं आणि घरपट्टीचं रजिस्टर. कुडाचं घर पिढ्यान् पिढ्या उभं होतं, पण तिथे लिहिलेलं नव्हतं.

इथे माझ्या डोक्यात एक उदार कल्पना आली. एवढी भानगड कशाला? गुंठाभर जागा मीच विकत घेते आणि यांना देऊन टाकते! आमच्या फिक्स्ड डिपॉझिटची मुदत नुकतीच संपली होती. तलाठी कार्यालयात मी हे बऱ्यापैकी मोठ्या आवाजात बोलले, आजूबाजूला लोक होते. तलाठी म्हणाले, "आदिवासीची जमीन तुम्हाला घेता येत नाही. जमीन महसूल अधिनियम, कलम 36 अ. जिल्हाधिकारी आणि शासनाची मंजुरी लागते." मागे बसलेला एक म्हातारा काहीतरी बोलला आणि सगळे हसले. बाहेर आल्यावर सुनेला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "तो म्हणला, शेटाणीसुद्धा आदी अशीच बोलं." शेटाणी म्हणजे सावकाराची बायको.

त्या रात्री मी वारल्यांच्या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं पुस्तक, 'जेव्हा माणूस जागा होतो', पुन्हा काढलं. कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेपुरतं. 1945 साली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांची सभा भरली ते झरी गाव तलासरी तालुक्यातच आहे, आणि मी त्या फाट्यावरून कितीदा गेले होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन आयुष्यभर त्याच्याकडे राबणाऱ्या माणसाला तेव्हा लग्नगडी म्हणत. जमिनी गेल्या त्या अशाच कर्जांत. म्हणून तर पुढे कायद्याला मध्ये भिंत घालावी लागली. त्या भिंतीवर मी फिक्स्ड डिपॉझिट घेऊन आदळले होते.

जागेचा प्रश्न शेवटी कायद्याच्या पुस्तकानं सुटला नाही, पाड्यावरच्या बैठकीनं सुटला. हिस्सेदार जमले, आजीनं सगळ्यांना चहा पाजला आणि संमतीपत्रावर सह्या-अंगठे झाले. ज्यांना घरासाठी जागाच नाही त्यांना शासन पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून पैसे देतं, हेही मला तिथेच एका हिस्सेदाराकडून कळलं. वनजमिनीवर घर असेल तर वाट आणखी वेगळी. वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती जमीन तुमच्या ताब्यात असल्याचा पुरावा लागतो. हे सगळं तो इतकं घडाघडा बोलत होता की मी वहीत टिपून घेऊ लागले. तो म्हणाला, "बाय, मी चौथी शिकलोय. तू काय लिवतेस?"

मंजुरी आली तेव्हा पावसाळा सरून गेला होता. अभियंता जागेचा फोटो घ्यायला आले. मोबाइलवर काढलेल्या या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात आणि त्यावरून ठरतं की घर खरंच तिथेच होतंय. त्याला जिओ टॅगिंग म्हणतात. मी सुनेच्या शेजारी हसत उभी राहिले. "मॅडम, फक्त लाभार्थी," अभियंता म्हणाले. मी बाजूला झाले.

पैसे एकदम येत नाहीत. पहिला हप्ता 15 हजारांचा. पुढचे हप्ते काम वर चढेल तसे, म्हणजे जोतं झालं, लिंटेल झालं, छप्पर झालं की. रोजगार हमीतून या घरावरच्या 90 दिवसांच्या मजुरीचे पैसे वेगळे, शौचालयाचे 12 हजार वेगळे. मी वहीत बेरीज केली आणि आजीला म्हटलं, "बघा, दीड लाखाच्या वर जातंय!" गवंडी तिथेच होता. त्यानं विचारलं, "आणि रेतीचा टेम्पो पाड्यापर्यंत कोण आणणार?" रस्ता अर्ध्यातच संपतो, पुढे डोक्यावरून वाहायचं. सिमेंटच्या गोण्या, खडी, विटा, सगळं. शिवाय जोत्यावर आणि भिंतींवर रोज पाणी मारायचं, नाहीतर सिमेंट कच्चं राहतं. पाड्याची विहीर होळीच्या सुमारास तळ गाठते. म्हणजे काम त्याआधी उरकायला हवं. माझ्या बेरजेत पाणी हा रकानाच नव्हता.

घर कसं असावं यावरून पहिलं भांडण आजी आणि गवंड्यात झालं. त्याचं मूळ भूकंपात होतं. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि पुढे कित्येक महिने बसत राहिले. धुंदलवाडी, दापचरी ही नावं तेव्हा रोज बातम्यांत होती. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर धावण्याच्या गडबडीत एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं इथे यंत्रं आणून बसवली. लोक थंडीत ताडपत्रीखाली आणि तंबूंत झोपत होते. आजीचं कुटुंब त्या वर्षी भट्टीवर होतं, पण आजी पाड्यावरच थांबली होती. ती म्हणाली, "कुडाचं घर हाललं आन परत उभं राहिलं. त्या पल्याडच्याची विटांची भित फाटली." तिला पक्क्या घरात झोपायचंच नव्हतं.

मला वाटलं, म्हातारी जुन्याला चिकटून बसली आहे. तसं मी गवंड्याला हळूच बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "नाय बाई, बरोबर बोलते ती." कारवीच्या भिंती हलक्या असतात, डोलतात आणि पडल्या तरी माणूस वाचतो. मातीत रचलेली विटांची जड भिंत एकसंध नसते, ती उकलते आणि अंगावर येते. उपाय म्हणजे जोत्यावर, लिंटेलवर आणि छपराखाली सळ्या घातलेला काँक्रिटचा पट्टा चारी बाजूंनी सलग फिरवायचा. गवंडी त्याला 'बँड' म्हणतो. मी आजीला समजावलं, की पेटाऱ्याला दोरी आवळून बांधतात तसं हे घराला बांधणं. आजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बांद. पण चूल मागं कुडात." तसंच झालं. पुढे विटांची पट्टेवाली खोली, मागे जुन्या मेढींवर कारवीचा सोपा. मला ते ओबडधोबड दिसत होतं. अभियंत्यांनी पाहिलं आणि म्हणाले, डोकं लावलंय कुणीतरी.

आणि मग, जोतं होऊन भिंती खिडकीच्या वर चढत असताना, भट्टीचा मुकादम आला. दिवाळी झाली होती. त्याच्या खिशात उचल होती, भट्टीवर येण्याआधी दिली जाणारी रोख रक्कम, जी हंगामभर विटा थापून फेडायची. पुढचा हप्ता अजून जमा झाला नव्हता, रेतीवाल्याची उधारी चढली होती, धाकट्या नातवाच्या दवाखान्याचा खर्च झाला होताच. मी तिथेच माझं भाषण सुरू केलं. आता जाल तर हप्ते अडतील, घर अर्धवट राहील, पोरांची शाळा बुडेल. सून विटांचा थर ओला करत होती. वर न बघता म्हणाली, "घरात बसून खायाचं काय, ताई?"

इतके महिने मी घर म्हणजे भिंती आणि छप्पर धरून चालले होते. हे कुटुंब बेघर झालं होतं ते घर पडलं म्हणून नाही. दिवाळीनंतर गावात काम नसतं म्हणून ते दर वर्षी बेघर होत होतं, आणि घर त्यामुळे पडत होतं. नुसतं घरकुल बांधलं असतं तर त्यालाही चारेक वर्षांत वाळवी धरली असती. निदान मागच्या सोप्याला तरी.

मग मी रोजगार हमीचा अभ्यास सुरू केला, नेहमीप्रमाणे उलट्या टोकाकडून. ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं, "काम आहे का?" उत्तर आलं, "मागणी नाही." पाड्यावर विचारलं तर, "कामच नाय काढत." हा गोल फिरून झाल्यावर त्याच चौथी शिकलेल्या हिस्सेदारानं सांगितलं, की काम आहे का असं विचारायचं नसतं. नमुना चार भरायचा. तो कामाच्या मागणीचा अर्ज. आणि त्याची तारीख घातलेली पोच घ्यायची, ती नमुना पाच. पोच दिल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. "पोच नाय तं अर्जच नाय," तो म्हणाला. कागद वाचता येणारी मी आणि कागद कसा वापरायचा हे माहीत असलेला तो, असे आम्ही दोघे पाड्यावरच्या जॉब कार्डांची चळत घेऊन गेलो. अर्ज दिले. मी आनंदात वळले तर त्यानं माझी बाही ओढली. पोच राहिली होती.

काम निघालं, मातीनाला बांधाचं. मजुरी उशिरा आली, पण आली. कुटुंबाचा निर्णय मला हवा होता तसा झाला नाही, त्यांना जमेल तसा झाला. मुलगा एकटाच भट्टीवर गेला, निम्मी उचल घेऊन. सून आणि मुलं मागे राहिली. दोन्ही पोरं एप्रिलपर्यंत त्याच शाळेत होती. मोठ्या नातीनं पहिल्यांदाच एकाच शाळेत दोन्ही सत्रांच्या चाचण्या दिल्या. सुनेनं रोज बांधावर जाऊन, आल्यावर भिंतींना पाणी मारून छप्पर चढवून घेतलं. मी हंडे उचलायला मदत करायला गेले आणि विहिरीवरून वर येईतो निम्मा हंडा माझ्याच साडीवर सांडला. त्यानंतर मला फक्त मुलांचा अभ्यास घेण्याचं काम दिलं गेलं.

आता घराची नमुना आठमध्ये नोंद आहे, घरपट्टी सुनेच्या नावावर येते. तिनं ती पावती मला मुद्दाम आणून दाखवली. घरपट्टी आल्याचा आनंद झालेलं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मुलगा या वर्षी उचल न घेता उंबरगावच्या कारखान्यात कंत्राटी लागलाय. काम कायम नाही, पण रात्री घरी येतो. आजी कुडातच झोपते.

तुमच्या ओळखीत असं कुटुंब असेल आणि तुम्हालाही माझ्यासारखी अर्ज भरायची खुमखुमी आली, तर आधी तीन गोष्टी बघा: घर किंवा जागा नमुना आठवर आहे का, बाईच्या नावचं खातं आधारला जोडलंय का आणि जॉब कार्ड चालू आहे का. जमीन विकत घेऊन द्यायला जाऊ नका. आणि हंगाम बघून जा, दिवाळीनंतर पाड्यावर भेटायला कुणी नसतं. शौचालयाचे 12 हजार अजून यायचे आहेत. सुनेनं त्यासाठी पुन्हा अर्ज दिलाय, या वेळी एकटीनं जाऊन. पोच घेतली आहे.